‘सावकारी पाश’ आणि गुन्हेपटाची दुसरी परंपरा

(१)

मूकयुगातील गुन्हेपटाचा विचार निघाला की अभ्यासकाचे लक्ष प्रथम १९२७ सालच्या ‘अंडरवर्ल्ड’ या अमेरिकी चित्रपटाकडे जाते. ते स्वाभाविकही आहे. गुन्हेगारी टोळ्यांच्या जीवनावर त्यापूर्वी चित्रपट निघाले नव्हते असे नाही. ग्रिफिथने १९१२ साली ‘द मस्केटिअर्स ऑफ पिग ॲली’ या लघुपटात न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांतील गुंडांचे चित्रण केले होते. राऊल वॉल्शचा ‘रीजनरेशन’ १९१५ सालचा आहे. युरोपात फेयादचा ‘फांतोमास’ आणि फ्रिट्झ लांगचा ‘डॉ. माबुझे’ हे अनुक्रमे १९१३ व १९२२ साली प्रदर्शित झाले होते. परंतु टोळीनायकाला कथेच्या मध्यभागी उभे करून त्याच्या नजरेने शहराकडे पाहण्याची रीत ‘अंडरवर्ल्ड’ने रूढ केली. बोलपटाच्या आरंभकाळात गाजलेल्या ‘लिटल सीझर’ (१९३१), ‘द पब्लिक एनिमी’ (१९३१) आणि ‘स्कारफेस’ (१९३२) या चित्रपटांचा पाया तेथेच घातला गेला, याविषयी फारसा मतभेद नाही.

हीच मोजपट्टी घेऊन मराठी मूकपटांची तपासणी केली तर हाती काहीच लागत नाही. पौराणिक कथा आहेत, मराठ्यांच्या इतिहासातील पराक्रम आहेत. पण टोळी नाही, टोळीनायक नाही, त्याचा अड्डा नाही आणि त्याच्या मागावर असलेले पोलीसही नाहीत. यावरून मराठी मूकयुगात गुन्हेपट झालाच नाही असा निष्कर्ष सहज काढता येतो, आणि तो अनेकदा न बोलता गृहीत धरला जातो. परंतु हा निष्कर्ष ती मोजपट्टी मान्य असेपर्यंतच खरा ठरतो. गुन्हेगार म्हणजे कायद्याच्या बाहेर उभा राहिलेला मनुष्य, हे त्या मोजपट्टीतील मूळ गृहीत आहे. शिकागोसारख्या शहराच्या अनुभवातून ते तयार झाले. ज्या समाजात मोठ्यातला मोठा अपहार कायद्याच्या आत राहून, न्यायालयाच्या शिक्क्यानिशी होत होता, त्या समाजातील गुन्हेपट निराळ्या ठिकाणी शोधावा लागतो.

तो शोध घेतला असता ‘अंडरवर्ल्ड’च्या दोन वर्षे आधी, म्हणजे १९२५ साली, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने काढलेल्या ‘सावकारी पाश’ या मूकपटापाशी येऊन थांबावे लागते. बाबुराव पेंटर यांचा हा चित्रपट भारतीय वास्तववादी चित्रपटाचा प्रारंभ म्हणून वाखाणला गेला आहे. ती थोरवी मान्य करूनही, तो आपल्याकडील गुन्हेपटाचाही प्रारंभ आहे आणि त्यातून निघालेली विचाराची वाट सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या भूमीतून जाते, असे प्रतिपादन करण्यास आधार आहे.

(२)

तुलनेच्या सोयीसाठी ‘अंडरवर्ल्ड’ची रचना प्रथम पाहणे इष्ट होईल. बेन हेक्ट हा शिकागोचा वृत्तपत्रकार. पोलीस चौकी, न्यायालय आणि अड्डे यांची त्याला प्रत्यक्ष माहिती होती, आणि त्याच माहितीतून त्याने या चित्रपटाची कथा लिहिली. दिग्दर्शक योसेफ फॉन स्टर्नबर्ग याने तिला जे रूप दिले ते हेक्टला रुचले नाही. आपले नाव काढून टाकावे अशी त्याची इच्छा होती. तरीही १९२९ साली झालेल्या पहिल्या ऑस्कर वितरणात उत्कृष्ट मूळ कथेचा मान याच कथेला मिळाला. हेक्टचे गुंड वार्ताहराने पाहिलेले होते, स्टर्नबर्गचे गुंड छायाप्रकाशात न्हालेले होते. या दोहोंच्या ओढाताणीतच चित्रपटाची शक्ती आहे.

कथेचा नायक ‘बुल’ वीड हा बँकफोड्या. जॉर्ज बॅंक्रॉफ्टने ही भूमिका केली आहे. दारूच्या आहारी जाऊन रस्त्यावर आलेल्या एका वकिलाला तो उचलून माणसात आणतो. हा वकील आणि नायकाची मैत्रीण ‘फेदर्स’ यांच्यात पुढे अनुराग निर्माण होतो. मैत्रिणीच्या अब्रूवर हात टाकणाऱ्या प्रतिस्पर्धी टोळीनायकाचा वीड खून करतो, त्याला फाशीची शिक्षा होते, तो तुरुंगातून निसटतो, आणि आपल्या दोन्ही जिवलगांनी आपला घात केला अशा संशयाने पेटून उठतो. पोलिसांनी घर वेढलेले असताना तो संशय खोटा ठरतो. तेव्हा त्या दोघांना चोरवाटेने बाहेर काढून तो स्वतः शरण जातो.

या कथेत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, गुन्ह्याची कारणे चित्रपट विचारतच नाही. वीड बँका का फोडतो, तो कोठून आला, त्याच्या बापाचे काय होते, यांपैकी काहीही प्रेक्षकाला सांगितले जात नाही. मध्यरात्रीच्या स्फोटाने चित्रपट सुरू होतो आणि त्या क्षणी गुन्हेगार आयता तयार असतो. दुसरी गोष्ट अशी की, गुन्हेगाराला अंतःकरण आहे, हाच चित्रपटाचा मुख्य शोध आहे. लपून बसलेला वीड मांजराच्या पिलाला दूध चाटवतो. मनात मात्र सूडाचे विचार चालू असतात. पुढील सर्व टोळीपटांनी ही युक्ती उचलली. ‘हे शहर तुझे आहे’ अशा अर्थाची विजेची पाटी या चित्रपटात झळकते. ‘स्कारफेस’मध्ये शहराचे जग झाले, पाटी तशीच राहिली, आणि त्या पटकथेतही हेक्टचाच हात होता. जपानमध्ये यासुजिरो ओझू याच्या १९३३ सालच्या गुन्हेगारांवरील मूकपटातही स्टर्नबर्गच्या छायाप्रकाशाची व त्याच्या पात्रांच्या वागण्याची खूण स्पष्ट दिसते. सारांश, ‘अंडरवर्ल्ड’चा प्रभाव म्हणजे एका व्यक्तिरेखेचा प्रभाव होय. ही व्यक्तिरेखा एकाकी असते, कायद्याबाहेरची असते, शहरावर मालकी सांगते आणि शेवटी त्याच शहरात कोंडली जाते.

(३)

‘सावकारी पाश’ची कथा नारायण हरी आपटे यांची. १८८९ साली सांगलीजवळील समडोळी येथे जन्मलेल्या आपट्यांनी सातारा जिल्ह्यातील कोरेगाव ही आपली कर्मभूमी मानली. कादंबरीकार म्हणून त्यांचा वाचकवर्ग मोठा होता. परंतु चित्रपटाच्या इतिहासात त्यांचे जे स्थान आहे त्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. ‘अमृतमंथन’ (१९३४) हा चित्रपट त्यांच्या ‘भाग्यश्री’वरून आणि ‘कुंकू’ (१९३७) हा ‘न पटणारी गोष्ट’वरून निघाला. ‘सावकारी पाश’ हा या संबंधाचा आरंभ होय. हेक्टने आपली कथा पोलीस चौकीच्या ओट्यावरून पाहिली. आपट्यांची कथा तालुक्याच्या गावी, दिवाणी दावे आणि जप्त्या नित्य घडत होत्या अशा परिसरात राहणाऱ्या लेखकाची आहे. हा भेद दोन्ही चित्रपटांच्या मुळाशी आहे.

कथा थोडक्यात अशी : एक गरीब शेतकरी लोभी सावकाराच्या तावडीत सापडतो, आपली जमीन गमावतो आणि अखेरीस शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती आणि सावकाराची झुंझारराव पवार यांनी. या मूकपटाची प्रत आज अस्तित्वात नाही. त्याच्याविषयीचे विवेचन म्हणूनच कथासूत्र, समकालीनांच्या आठवणी आणि त्याच कथेवरून पेंटर यांनी १९३६ साली काढलेला बोलपट यांच्या आधाराने करावे लागते. या आठवणींपैकी दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांची आठवण विशेष प्रसिद्ध आहे. काळोखात बुडालेली एक झोपडी आणि तिच्याजवळ रडणारे कुत्रे, एवढेच दृश्य अनेक वर्षांनंतरही त्यांच्या मनावर कोरलेले राहिले. ज्या चित्रपटात आवाज नव्हता त्यातील कुत्र्याचे रडणे प्रेक्षकाला ‘ऐकू’ आले आणि स्मरणात राहिले, यावरून पेंटर यांच्या दृश्यरचनेच्या सामर्थ्याची कल्पना येते. स्टर्नबर्गने काळोखाचा उपयोग गुन्हेगाराभोवती वलय निर्माण करण्यासाठी केला. पेंटर यांनी तोच काळोख गुन्हा घडून गेलेल्या घरावर पसरला. प्रकाशयोजनेचे साधन एकच, पण एकाने ते करणाऱ्याकडे वळवले आणि दुसऱ्याने ज्याच्यावर घाव पडला त्याच्याकडे.

(४)

सावकाराला गुन्हेगार म्हणणे हे केवळ भाषेचे अलंकरण आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याचे निराकरण करण्यासाठी या प्रदेशाच्या इतिहासाकडे वळणे भाग आहे. १८७५ साली दख्खनमध्ये सावकारांविरुद्ध जे दंगे झाले त्यांचा आरंभ पुणे जिल्ह्यातील सुपे येथे झाला, आणि पुणे व नगर या जिल्ह्यांत त्यांचा जोर अधिक होता. परंतु त्यांची झळ सातारा जिल्ह्यातील कुकरूड या गावालाही लागली. हे गाव आता सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात, वारणेच्या खोऱ्यात आहे. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की, जमावाचा रोख सावकाराच्या जिवावर किंवा त्याच्या सोन्यानाण्यावर फारसा नव्हता. लोकांनी मागितली ती खते, कर्जरोखे आणि हुकूमनामे. आणि हाती आलेले कागद जाळून टाकले. जेथे शस्त्र असते तेथे शस्त्र हिसकावून घेतले जाते. कुणब्यांनी कागद हिसकावून घेतला, कारण त्यांच्यावर चाललेले शस्त्र कागद हेच होते.

हे ब्रिटिश सरकारनेही एका अर्थी मान्य केले. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी जो कायदा झाला तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. कर्जरोख्यावर लिहिलेल्या आकड्यापलीकडे जाऊन व्यवहाराचा मागील इतिहास तपासण्याचा अधिकार या कायद्याने न्यायालयाला दिला, आणि शेतकऱ्याच्या खतांची नोंद गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावी अशी तजवीज केली. कागद खोटे बोलू शकतो, एवढी कबुली या तरतुदींत अनुस्यूत आहे. तरीही पुढे सेहेचाळीस वर्षांनी, त्याच सातारा जिल्ह्यात राहणारा एक लेखक ही कथा लिहितो आणि ती शेजारच्या कोल्हापूर संस्थानातील कंपनीला चित्रपटायोग्य वाटते. कायदा पुस्तकात राहिला आणि पाश गळ्यात राहिला, हेच त्यावरून दिसते.

या पार्श्वभूमीवर दोन्ही चित्रपटांतील गुन्ह्याची जागा तपासता येईल. ‘अंडरवर्ल्ड’मध्ये गुन्हा रात्री घडतो, त्याला स्फोटाचा आवाज असतो, आणि तो घडताच पोलीस धावून येतात. सावकारी गुन्हा दिवसाढवळ्या, बैठकीवर, वही उघडून घडतो. त्याला आवाज नसतो. आणि राज्ययंत्रणा धावून येते ती गुन्हेगाराला पकडण्यासाठी येत नाही. जप्तीचा हुकूम बजावण्यासाठी येते. वीड बँक फोडतो तेव्हा त्याला कायद्याची भिंत ओलांडावी लागते. सावकाराला अशी कोणतीही भिंत ओलांडावी लागत नाही. भिंत त्याच्याच वाड्याची असते. म्हणून अमेरिकी टोळीपटाचा शेवट पोलिसांच्या वेढ्यात होऊ शकतो. ‘सावकारी पाश’सारख्या कथेला तसा शेवट उपलब्धच नाही. तेथे वेढा पडतो तो शेतकऱ्याच्या झोपडीला.

मूकपट या माध्यमाशीही या विषयाचे एक विशेष नाते आहे. निरक्षर शेतकऱ्यापुढे कागद ठेवला जातो. त्यावर काय लिहिले आहे हे त्याला दुसरा कोणी वाचून सांगेल तेव्हाच कळायचे. नेमकी हीच अवस्था त्या काळच्या बहुसंख्य प्रेक्षकांची होती. दृश्यांच्या मध्ये पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत, आणि थिएटरात अक्षर जाणणारा कोणी त्या मोठ्याने वाचून दाखवी. म्हणजे पडद्यावरील शेतकरी आणि त्याच्यासमोर बसलेला शेतकरी हे दोघेही दुसऱ्याच्या वाचण्यावर विसंबून होते. ‘अंडरवर्ल्ड’च्या प्रेक्षकाला वीडचे जग अपरिचित होते आणि त्या अपरिचयातच त्याचे आकर्षण होते. ‘सावकारी पाश’च्या प्रेक्षकाला आपलेच बसणे पडद्यावर दिसत होते. पौराणिक अद्भुताला सरावलेल्या या प्रेक्षकाने चित्रपटाला अपेक्षित प्रतिसाद दिला नाही आणि पेंटर पुन्हा वेषभूषाप्रधान चित्रपटांकडे वळले. या अपयशाचे कारण केवळ रुचीच्या मागासलेपणात शोधणे न्याय्य नाही. जे दुःख घरी सोडून मनुष्य थिएटरात येतो तेच पैसे देऊन पाहावे, ही मागणी मोठी होती.

शेवटी शहराचा प्रश्न उरतो. ज्या शहरात अमेरिकी टोळीपट सुरू होतो त्या शहरापाशी ‘सावकारी पाश’ येऊन संपतो. जमीन गेलेला मनुष्य गिरणीच्या दारात उभा राहतो आणि कथा थांबते. वीड कोठून आला हे स्टर्नबर्ग सांगत नाही. आपटे आणि पेंटर यांनी सांगितले ते नेमके हेच, की शहराच्या तळघरात जमा होणारी माणसे कोणत्या दारातून हाकलली जाऊन तेथे पोहोचतात. हे दोन चित्रपट एकमेकांचे अनुकरण नाहीत आणि एकमेकांचे उत्तरही नाहीत. एकाच प्रश्नाचे ते दोन अर्धे भाग आहेत असे मात्र म्हणता येईल.

(५)

प्रभावाची चर्चा करताना प्रभाव आणि साधर्म्य यांची गल्लत टाळली पाहिजे. मेहबूब यांच्या ‘औरत’ (१९४०) व ‘मदर इंडिया’ (१९५७) या चित्रपटांत सावकार आहे आणि सावकारामुळे डाकू झालेला मुलगाही आहे. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मध्ये (१९५३) जमीन वाचविण्यासाठी शेतकरी कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढतो. हे साधर्म्य लक्षणीय आहे. तथापि त्यावरून ‘सावकारी पाश’चा थेट प्रभाव सिद्ध होत नाही. समान परिस्थितीतून समान कथा जन्मास येऊ शकतात. प्रभाव शोधायचा तर तो व्यक्ती, संस्था आणि प्रदेश यांच्या प्रत्यक्ष धाग्यांनी जोडलेला असला पाहिजे. असे तीन धागे दाखविता येतात.

पहिला धागा आपट्यांचा स्वतःचा. ‘सावकारी पाश’मध्ये शेतकऱ्याची भूमिका करणारे शांताराम यांनीच १९३७ साली ‘कुंकू’ दिग्दर्शित केला. वरकरणी हा जरठ-बाला विवाहाचा चित्रपट. गुन्हेपटाशी त्याचा संबंध नाही असे वाटेल. परंतु मामा पैशाच्या लोभाने भाचीचा विवाह एका वृद्ध विधुर वकिलाशी लावून देतो, हा एक व्यवहारच आहे. विधी यथासांग झाला आहे, साक्षीदार आहेत, वर स्वतः कायदा जाणणारा आहे; आणि तरीही जे घडले तो अन्याय आहे. बारा वर्षांपूर्वी गहाणखताविषयी जो विचार मांडला गेला तोच येथे विवाहाविषयी मांडला आहे. भेद एवढाच की, शेतकरी हरला होता आणि नीरा हा व्यवहार मान्य करण्याचे साफ नाकारते. औपचारिक दृष्ट्या निर्दोष अशा कृत्यातील अपराध ओळखणे हा आपट्यांच्या प्रतिभेचा स्थायी विषय होता, असे या दोन कृती एकत्र वाचल्या असता दिसते.

दुसरा धागा वाळवे तालुक्यातील वाटेगावचा आहे. हे गाव पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. १९२० साली येथे जन्मलेले अण्णाभाऊ साठे हे ‘सावकारी पाश’च्या शेवटी गिरणीच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाचे जणू पुढचे आयुष्य जगले. गाव सोडून ते मुंबईस गेले, गिरणीत राबले, आणि दुकानांच्या पाट्या व चित्रपटांच्या जाहिराती वाचून त्यांनी आपली अक्षरओळख वाढवली असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘फकिरा’ कादंबरीत वारणाकाठचा एक मांग वीर दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी धान्य लुटतो, पुढे सरकारी खजिन्यावर हात टाकतो, आणि आप्तांना ओलीस धरले गेल्यावर शरण जातो. येथे गुन्ह्याच्या व्याख्येचा प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो. १८७१ साली अमलात आलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने काही जातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले आणि त्यांच्यामागे रोजची हजेरी लावली. फकिराने काही करण्यापूर्वीच कायद्याने त्याला गुन्हेगार केलेले आहे. सावकार गुन्हा करूनही कायद्याच्या आत, फकिरा गुन्हा न करताही कायद्याच्या बाहेर. ही दोन चित्रे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. शरणागतीपुरते पाहिले तर वीड आणि फकिरा शेजारी उभे राहतात. दोघेही आपल्या माणसांसाठी स्वतःला पोलिसांच्या हवाली करतात. पण वीडच्या शरणागतीने त्याच्या खाजगी जीवनाचा हिशेब पुरा होतो, तर फकिराच्या शरणागतीत संपूर्ण वस्तीचा हिशेब बाकी राहतो. ‘फकिरा’वर आणि त्याच खोऱ्यातील ‘वारणेचा वाघ’ या कादंबरीवर पुढे मराठी चित्रपट निघाले. बंडखोराची ही व्यक्तिरेखा मराठी पडद्यावर स्थिरावली ती त्यांच्यामुळे.

या कादंबऱ्यांच्या मागे या प्रदेशाचा प्रत्यक्ष राजकीय अनुभवही आहे. १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात जे प्रतिसरकार चालले त्याने गावोगावी न्यायदानाची व्यवस्था उभी केली, आणि दरोडेखोरांबरोबर जुलमी सावकारांनाही आपल्या शिक्षेच्या कक्षेत आणले. दरोडेखोर आणि सावकार एकाच न्यायासनापुढे उभे राहिले, हे ध्यानात घेतले म्हणजे आपट्यांच्या कथेतील विचार हा एका लेखकाचा तर्क नव्हता, लोकांच्या न्यायबुद्धीत तो आधीपासून मुरलेला होता, हे स्पष्ट होते.

तिसरा धागा आटपाडीचा. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या साहाय्याने १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मोकळी वसाहत सुरू केली. औंध हे गाव सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी आता सांगली जिल्ह्यात आहे. भिंती नसलेल्या या तुरुंगात जन्मठेपेचे कैदी शेती करीत. त्याच माणदेशी मुलुखातील ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आंखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. १९२५ साली जमीन गमावणारा शेतकरी झालेला नट येथे सहा खुन्यांना ओसाड जमीन कसायला लावणारा तुरुंगाधिकारी झाला आहे. बर्लिनच्या महोत्सवात १९५८ साली गौरवल्या गेलेल्या या चित्रपटाची प्रशंसा सामान्यतः मानवतावादाच्या नावाने केली जाते. त्यातील खलनायक कोण, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. सहा खुनी माणसे खलनायक नाहीत. खलनायक आहे तो बाजारातील भाजीचा व्यापारी. कैद्यांनी पिकवलेला माल स्वस्तात विकला जाऊ लागताच त्याचा धंदा बसतो, आणि तो मारहाणीपासून उभ्या पिकात बैल सोडण्यापर्यंत सर्व उपाय योजतो. शिक्षा भोगणारे खुनी हात उचलत नाहीत, आणि ज्याच्यावर कोणताही आरोप नाही तो प्रतिष्ठित मनुष्य विध्वंस घडवून आणतो. ‘सावकारी पाश’मधील वही येथे तराजूच्या रूपाने परत आलेली आहे.

(६)

या परंपरेचे गुणगान करताना तिच्या मर्यादांकडे डोळेझाक करणे उचित होणार नाही. स्टर्नबर्गने गुन्हेगाराला अंतःकरण दिले. या परंपरेने सावकाराला ते कधीच दिले नाही. वीड संशयाने जळतो, मोह आवरतो, चुकतो आणि शिकतो. पडद्यावरील सावकार मात्र लोभ या एकाच भावनेचा पुतळा राहिला, आणि पुढे पुढे तर त्याचे चष्मा, टोपी व मान हलविण्याची लकब एवढेच उरले. ज्या व्यक्तिरेखेने विचाराला प्रवृत्त करावयाचे ती हास्यास्पद ठरली की तिच्यामागील व्यवस्थाही डोळ्यांआड होते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. दख्खनच्या शेतकऱ्याला कर्ज काढावे लागत होते त्यामागे सावकाराच्या लोभाइतकाच शेतसाऱ्याचा तगादाही होता. १८७५ च्या दंग्यांनंतर सारावाढीचा हा प्रश्न वादाचा झालाच होता. सारा भरण्यासाठी कर्ज आणि कर्जासाठी गहाण, ही साखळी सरकारी कचेरीपासून सुरू होत होती. ‘सावकारी पाश’च्या कथासूत्रात मात्र साखळीची शेवटची कडी तेवढी दिसते. १९१८ च्या कायद्याने चित्रपटांवर सरकारी तपासणीचा अंमल बसलेला असताना यापेक्षा अधिक बोलणे कितपत शक्य होते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. पेंटर यांना परिनिरीक्षणाची झळ ‘सैरंध्री’च्या वेळी, कीचकवधाच्या दृश्यावरून, आधीच लागली होती. तरीही परिणाम व्हायचा तो झालाच. अन्यायाचा धनी एक व्यक्ती ठरली, आणि ज्या राज्यसत्तेने तिच्या हाती हुकूमनामा दिला ती कथेच्या चौकटीबाहेर राहिली. या बाबतीत ‘फकिरा’ हे पुढचे पाऊल होय; कारण तेथे संघर्ष सरळ सरकारशी आहे.

तिसरी मर्यादा शेतकऱ्याच्या चित्रणाची. तो सोसतो, जातो आणि नाहीसा होतो. कुकरूडच्या गावकऱ्यांनी १८७५ साली जी कर्तृत्वशक्ती दाखविली तिचा मागमूस १९२५ च्या कथेत नाही. प्रत्यक्ष इतिहासातला शेतकरी पडद्यावरील शेतकऱ्यापेक्षा अधिक धीट होता, हे या चित्रपटाविषयी आदर बाळगूनही नमूद करणे आवश्यक आहे.

(७)

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात मांडता येईल. ‘अंडरवर्ल्ड’ने जगातील चित्रपटाला टोळीनायक ही व्यक्तिरेखा दिली, आणि त्या व्यक्तिरेखेच्या बळावर एक संपूर्ण चित्रप्रकार उभा राहिला. ‘सावकारी पाश’ने व्यक्तिरेखा दिली नाही, गुन्हा कोठे असतो, हा प्रश्न दिला. प्रश्नाला चित्रप्रकाराचे नाव मिळत नाही, म्हणून या परंपरेची स्वतंत्र नोंद झाली नाही. तिच्यातील कृती कधी सामाजिक, कधी ग्रामीण, कधी मानवतावादी अशा निरनिराळ्या खणांत विखुरल्या गेल्या. त्या एकत्र ठेवून पाहिल्या तर समडोळी-कोरेगावचे आपटे, वाटेगावचे अण्णाभाऊ आणि माडगुळ्याचे माडगूळकर हे तिघे एकाच प्रश्नाभोवती उभे असलेले दिसतात. आणि कृष्णा-वारणेच्या खोऱ्याने व माणदेशाने भारतीय चित्रपटाला दिलेले योगदान केवळ तमाशाप्रधान चित्रपटापुरते नाही, हेही ध्यानात येते.

सावकारी नियमनाचे कायदे पुढेही होत राहिले. मुंबई सावकारी अधिनियम १९४६ सालचा, महाराष्ट्राचा नवा अधिनियम २०१४ सालचा. १८७९ पासून धरले तर हा प्रयत्न एकशेपस्तीस वर्षांचा आहे, आणि इतक्या वेळा कायदा करावा लागतो यातच विषयाचे जिवंतपण आहे. चित्रपटाची प्रत नष्ट झाली तरी त्याने विचारलेला प्रश्न नष्ट झालेला नाही. मूकपटांच्या अभ्यासात ‘सावकारी पाश’चा उल्लेख आजवर ‘पहिला वास्तववादी चित्रपट’ एवढ्या गौरवाच्या वाक्यात उरकला जातो. गुन्हेपट म्हणून त्याचे वाचन सुरू झाले तर आपटे यांचे कथावाङ्मय, साताऱ्याच्या दिवाणी न्यायालयांचा इतिहास आणि वारणाखोऱ्यातील बंडखोरांचे पोवाडे ही तीन अभ्यासक्षेत्रे एकमेकांस जोडली जातील. मराठी विभाग, इतिहास विभाग आणि चित्रपटाचे अभ्यासक यांनी ते काम वाटून घेतल्यावाचून ते होणारे नाही.